संशयाचा फायदा

साक्षीच्या आदल्या रविवारी आईने मधलीला जेवायला बोलावलं. दारात मामाची काळी बॅग टेकलेली दिसली, तेव्हाच हे बोलावणं कशाचं आहे ते मधलीला कळलं. मामा आईचा पाठचा भाऊ. इतकी वर्षं तो रविवारी रिकाम्या हातांनी यायचा, पोटभर जेवायचा आणि आरामखुर्चीत घोरायचा. दादावर खटला भरला गेला तेव्हापासून तो दादाचा वकील झाला होता, आणि बॅग त्याच्याबरोबर घरात शिरली होती.

घर बर्फाच्या कारखान्याला लागूनच होतं. बाबांनी आधी कारखाना बांधला आणि उरलेल्या जागेत घर बसवलं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर दिवसरात्र घरघरत असे. तिघंही भावंडं त्या घरघरीतच वाढली होती. वर्षभर धाकटीच्या बिऱ्हाडात राहून आल्यावर मधलीला आज पहिल्यांदा तो आवाज आवाज म्हणून ऐकू आला.

जेवताना वहिनी वाढत होती, आई तिला खुणेने कोणाला काय हवं ते सांगत होती. दादा बराच वाळला होता. सदरा खुंटीला अडकवावा तसा त्याच्या अंगावर लोंबत होता. मधलीने दोनदा त्याच्याकडे पाहिलं, पण त्याने ताटातून नजर उचलली नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तसा तो अर्धवट हात धुऊन बर्फाच्या लाद्या भरायला निघून गेला. त्याची पावलं लांब गेल्यावरच मामाने घसा साफ केला.

“पोलिसांना दिलेला जबाब तू विसर,” तो म्हणाला. “कायद्याच्या लेखी तो पुरावा नाही. मंगळवारी पिंजऱ्यात उभी राहून शपथेवर बोलशील तो पुरावा.”

लहानपणी पाढे शिकवायचा त्याच सुरात त्याने तिला सगळं समजावून दिलं. आधी सरकारी वकील विचारणार, ती सरतपासणी. मग आरोपीचा वकील, म्हणजे मामा स्वतः, ती उलटतपासणी. मधलीने सरतपासणीतच सांगायचं की इतक्या दिवसांनी नीट आठवत नाही, पोलिसांनी काय लिहून घेतलं ते आपण वाचलंच नव्हतं.

“मग काय होईल?”

“सरकारी वकील चिडेल. साक्षीदार फितूर झाली म्हणून न्यायाधीशांना सांगेल, चार प्रश्न दटावून विचारेल. तेवढं सोसायचं आणि घरी यायचं.”

“फितूर?”

“कोर्टातला शब्द आहे. मनाला लावून घ्यायचा नाही. सरकार पक्षाने बोलावलेला माणूस सरकार पक्षाच्या बाजूने बोलला नाही की त्याला फितूर म्हणतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी तर त्या पायरीवरच पोट भरलं. असले फितूर मी ढिगाने पाहिलेत. संध्याकाळी घरी जाऊन मुलाबाळांत बसतात.”

खोटी साक्ष दिली तर शिक्षा होते ना, असं मधलीने विचारलं. मामा म्हणाला, पुस्तकात होते. ‘आठवत नाही’ म्हणाल्याबद्दल आत गेलेला माणूस मात्र त्याने उभ्या हयातीत पाहिला नव्हता.

“आणि यंत्रघरातला धोक्याचा भोंगा का वाजला नाही, ते कोर्टाला कोण सांगणार?”

मामाने बहिणीकडे पाहिलं. आई पदराच्या टोकाला पीळ घालत होती.

“भोंगा वाजला,” मामा सावकाश म्हणाला. “पंचनाम्यात भोंगा चालू आहे. वाजला, आणि मेस्त्रीने लक्ष दिलं नाही.”

मेस्त्री म्हणजे धाकटीचा नवरा. कारखान्यात यंत्रं सांभाळायला आला आणि मालकाची मुलगी घेऊन गेला, असं आई त्याच्याबद्दल बोलायची. त्याच्या हातचं यंत्र कधी बंद पडत नाही, असंही तीच बोलायची. तो कारखान्यातच गेला, अमोनियाच्या वायूने.

त्या दिवशीचं मधलीला विसरायचं म्हटलं तरी विसरता आलं नसतं. ती विक्रीच्या खोलीत बसायची. त्या खोलीची एक खिडकी यंत्रघराकडे होती. यंत्रघरात अमोनियाचा अंश जरी हवेत आला तरी भिंतीवरचा भोंगा कोकलायचा, कामगार बाहेर पळायचे, काम थांबायचं. त्या सकाळी तो उगाचच, किंवा उगाच वाटावा असा, सारखा वाजत होता, आणि बाहेर गाड्या खोळंबल्या होत्या. दादा पक्कड घेऊन आला, स्टुलावर चढला आणि त्याने भोंग्याची तार उपटून काढली. मधलीने खिडकीतून विचारलं तर म्हणाला, संध्याकाळी जोडतो, मेस्त्रीला सांगितलंय.

त्याने मेस्त्रीला सांगितलं नव्हतं. मेस्त्री जेवून परत आला, भोंगा गप्प आहे म्हणजे हवा चांगली आहे असं समजून नेहमीसारखा आत गेला, आणि नळाचा सांधा फुटला तेव्हा दारापर्यंतही पोचू शकला नाही. त्याला बाहेर काढून सगळे त्याच्याभोवती असताना दादा तोंडाला ओला टॉवेल बांधून एकटाच परत आत गेला. व्हॉल्व्ह बंद करायला गेला, असं सगळ्यांना वाटलं. व्हॉल्व्ह त्याने बंद केलाच. मग तो स्टुलावर चढला आणि त्याने तार जागच्या जागी बसवली. तेही मधलीने त्याच खिडकीतून पाहिलं. पोलीस आले तेव्हा भोंगा अगदी धडधाकट होता.

“मेस्त्री गेला त्याचं मला काही नाही, असं समजू नको,” आई म्हणाली. “पण तो काही परत यायचा नाही. हा अजून घरात आहे. एक लेक विधवा झाली, आता एका सुनेचा नवरा तुरुंगात बसवायचा का?”

मधली म्हणाली, “त्याचं नाव खराब होईल, आई. मेस्त्रीचं.”

“मेलेल्या माणसाला नावाचं काय करायचंय?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मधली उठली. वहिनी तिच्यामागोमाग फाटकापर्यंत आली. मामा बोलत असताना वहिनी सगळा वेळ भांडी आवरत होती, आणि तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

“वन्सं, धाकट्या वन्सं रात्री झोपतात का हो?” तिने विचारलं.

“नाही.”

“हेही नाही झोपत,” वहिनी म्हणाली आणि फाटकाची कडी लावून आत गेली.

धाकटीचं बिऱ्हाड शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. दिवसा ती त्याच दुकानात काजं करायची. मधली आली तेव्हा ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. काय काय झालं ते मधलीने तिला सांगितलं, मामाचा शब्द न् शब्द. धाकटी टाके घालत ऐकत राहिली. फिर्याद तिने दिली होती. सख्ख्या भावावर फिर्याद देऊन पोलीस ठाण्यातून ती बाहेर पडली, तेव्हा आई समोरच्या फुटपाथवर उभी होती आणि तिने लेकीकडे पाठ फिरवली होती.

“तू ठरवलंस काय?” तिने शेवटी विचारलं.

“पाहिलं ते सांगणार.”

“सांग. पण माझ्यावर उपकार म्हणून सांगू नको. पहिल्या दिवशी तू गप्प बसलीस. तेरावा होईपर्यंत गप्प बसलीस. त्याच्या अंगाला मी पाणी घातलं तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस, आणि तेव्हाही तुला माहीत होतं.”

आईने तेव्हा मधलीला गप्प राहायची शपथ घातली होती, पण ते कारण आता सांगून उपयोग नव्हता. धाकटीलाही ते माहीत होतंच. दोघींनी एकाच पातेल्यातला भात वाढून घेतला आणि जेवल्या.

मंगळवारी कोर्टाच्या बाहेरच्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला लागून बाकं, बाकांवर माणसं, माणसांच्या मांडीवर फाइली. कुठल्यातरी दारातून शिपाई बाहेर यायचा, नावं पुकारायचा, आणि त्या नावाची माणसं दचकून उभी राहायची. आई आणि वहिनी एका टोकाच्या बाकावर बसल्या, मधली आणि धाकटी दुसऱ्या टोकाला. मधे तीन-चार खटल्यांची माणसं होती.

सरकारी वकिलाच्या हातात त्या दिवशी आणखी किती खटले होते कोण जाणे. घशाची गोळी चघळत तो आला, मधलीला ओळखायला त्याला क्षणभर लागला, मग त्याने फाइल उघडून तिचा जबाब तिला वाचायला दिला. एकच सांगितलं: विचारलं तेवढंच बोला, आणि उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ते सोपं नसतं, असंही म्हणाला.

तिचा पुकारा झाला. पिंजरा म्हणजे लाकडी कठडा होता, माणसांच्या हातांनी वरची कड गुळगुळीत झालेला. तिने शपथ घेतली. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकावर ओढून बसलेल्या. दादा आरोपीच्या जागी उभा होता, हात पुढे बांधून, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा.

सरतपासणी लवकर आटोपली. सरकारी वकिलाने विचारलं, ती सांगत गेली: भोंगा, पक्कड, स्टूल, तार. तिचं एकेक वाक्य न्यायाधीशबाई टंकलेखकाला पुन्हा सांगत होत्या, आणि त्यांच्या तोंडून ते दुसऱ्याच कोणाचं वाटत होतं. ती म्हणाली, दादाने तार उपटली. कागदावर उतरलं, ‘आरोपीने भोंग्याची तार काढून टाकल्याचे मी समक्ष पाहिले.’ आरोपी या शब्दाशी ती जरा अडखळली, पण बोलत राहिली. ‘आठवत नाही’ हे शब्द तिच्या ओठांवर एकदाच आले, दादा दुसऱ्यांदा स्टुलावर चढला ते सांगताना. तिने तेही सांगितलं. दादाने डोळे मिटून घेतले होते.

मग मामा उठला. त्याने बाह्या सारख्या केल्या, कागद वरखाली केले, आणि तिच्याकडे पाहिलं.

“तुम्ही लग्नानंतर किती दिवस सासरी होतात?”

जन्मल्यापासून मामाने मधलीला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

“दोन वर्षं.”

“नवऱ्याने टाकलं की तुम्ही सोडून आलात?”

सरकारी वकिलाने बसल्या जागेवरून हरकत घेतली. मामा म्हणाला, साक्षीदाराची परिस्थिती कोर्टासमोर यायला हवी. न्यायाधीशबाईंनी प्रश्न चालू दिला.

“मी सोडून आले.”

“त्यानंतर तुम्हाला कोणी आसरा दिला?”

“आईने.”

“घर कोणाच्या नावावर आहे?”

“दादाच्या.”

“आरोपीच्या. म्हणजे आरोपीच्या घरात राहून, आरोपीच्या कारखान्यात काम करून तुमचं भागत होतं. बरं. वडील गेल्यावर कारखान्यात हिस्सा मिळावा म्हणून तुम्ही आरोपीकडे मागणी केली होती?”

मधलीने मामाकडे पाहिलं. हिश्शाचं ती दादाशी एकदाच बोलली होती. तो हसण्यावारी नेऊन उठून गेला, तेव्हा ती मामाच्या ऑफिसात जाऊन रडली होती. मामाने चहा मागवला होता, आणि हे बोलणं या खोलीबाहेर जायचं नाही, असं आपण होऊन म्हणाला होता.

“हो,” ती म्हणाली.

“त्याने नकार दिला.”

“हो.”

“तेव्हा तुम्ही असं म्हणालात का, की दादाला एक दिवस याची किंमत मोजावी लागेल?”

म्हणाली होती. मामाच्याच खुर्चीसमोर, नाक पुसत. तिने मान हलवली. मान हलवून चालत नाही, तोंडाने सांगा, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि तिने तोंडाने सांगितलं.

मामाने पान उलटलं. विक्रीच्या खोलीच्या खिडकीबद्दल विचारलं. बर्फाच्या कारखान्यात काचेवर दव जमतं की नाही? जमतं. मग दिसतं कसं? पुसून. त्या सकाळी पुसली होती का? हो. गाड्या कुठल्या बाजूला उभ्या असतात? दुसऱ्या. मग यंत्रघराकडची काच कशाला पुसली? मधली म्हणाली, ती रोजच पुसते. न्यायाधीशबाईंनी सांगितलं, ‘काचेवर बाष्प असते हे म्हणणे खरे आहे,’ आणि यंत्राने ते टपटप छापलं. रोज पुसते हे तिने पुन्हा सांगितलं, पण तोवर मामा पुढे गेला होता.

“एवढं तुम्ही पाहिलंत, तर पोलीस त्याच दिवशी कारखान्यात होते, त्यांना का नाही सांगितलंत?”

“आई म्हणाली गप्प बस.”

“आणि मग जबाब द्यायला गेलात, तेव्हा कोणाबरोबर गेलात?”

“धाकटीबरोबर.”

“फिर्यादीबरोबर. म्हणजे आई म्हणाली गप्प बस, तेव्हा तुम्ही गप्प बसलात. बहीण म्हणाली बोल, तेव्हा बोललात. उद्या आणखी कोणी काही म्हणालं तर तुम्ही काय कराल?”

मामा थांबला. त्याने कपाळावरचा घाम पुसला. तरी पुढचं वाक्य त्याने स्वच्छ आवाजात म्हटलं.

“माझं म्हणणं असं आहे, की हिश्शाच्या रागापोटी तुम्ही भावाविरुद्ध खोटं सांगत आहात.”

“हे खोटं आहे,” मधली म्हणाली. “तुला माहीत आहे मामा, हे खोटं आहे.”

न्यायाधीशबाईंनी वर पाहिलं. मग त्यांनी टंकलेखकाला सांगितलं, ‘हिश्शाच्या रागातून खोटे सांगते हे म्हणणे खरे नाही.’ मामा खाली बसला. सरकारी वकील म्हणाला, फेरतपासणी नाही.

त्यानंतर खटला आपल्या चालीने चालत राहिला. कधी न्यायाधीश रजेवर, कधी पंच गैरहजर. तारीख पडायची, काम तहकूब व्हायचं. कारखान्याचे कामगार येऊन गेले. बर्फ फोडायच्या यंत्राच्या आवाजात भोंगा वाजला की नाही ते सांगता येत नाही, असं एकजात सगळे म्हणाले, आणि त्यांना कोणी फितूर म्हटलं नाही. पंचाने सांगितलं, भोंगा चालू होता. आरोपीचा जबाब घेतला गेला, तेव्हा न्यायाधीशबाईंनी पुराव्यातली एकेक गोष्ट दादाला वाचून दाखवली आणि यावर काय म्हणणं आहे ते विचारलं. दादा प्रत्येक वेळी म्हणाला, खोटं आहे. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की दोनदा त्याला मोठ्याने बोलायला सांगावं लागलं.

मधलीने एका औषधांच्या गोदामात माल लावायचं काम धरलं. आईकडून निरोप आला नाही. एकदा बाजारात मामा समोर आला; त्याने थांबून तिच्याकडे पाहिलं, जणू काही सांगायचं होतं. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. धाकटी मात्र तिच्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागली होती. साक्षीच्या संध्याकाळी तिने मधलीचं डोकं मांडीवर घेऊन तेल लावून दिलं होतं आणि उलटतपासणीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

निकालाच्या दिवशी सगळे आले. न्यायाधीशबाईंनी निकालाचा शेवटचा भाग तेवढा वाचून दाखवला. घटनेची प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एकच. तिची साक्ष सर्वस्वी खोटी आहे असं म्हणता येत नाही. परंतु आरोपीशी तिचं वैमनस्य होतं, जबाब उशिरा दिला गेला, आणि पंचनाम्याशी तिचं कथन जुळत नाही. मयताने भोंग्याकडे दुर्लक्ष केल्याची शक्यता नाकारता येत नाही. गुन्हा निःसंशय शाबित झाला नसल्याने संशयाचा फायदा देऊन आरोपीची सुटका करण्यात येत आहे.

आईने दोन्ही हात कपाळाला लावले. दादा उभाच राहिला. शिपायाने त्याला खांद्याला धरून जायला सांगितलं.

बाहेर बोळात धाकटीने सरकारी वकिलाला गाठलं. त्याच्या काखेत पुढच्या खटल्याची फाइल होती, तरी तो थांबला. दादा निर्दोष आहे असं कोर्टाचं म्हणणं आहे का, असं तिने विचारलं. वकिलाने सांगितलं, तसं नाही. दोष सिद्ध झाला नाही, एवढंच कोर्टाचं म्हणणं आहे.

“आणि माझ्या नवऱ्याचा सिद्ध झाला?”

“त्यांच्यावर खटला नव्हता, बाई.”

“मग त्याला फायदा कोण देणार?”

वरच्या कोर्टात अपील करता येतं, मुदत असते, आपण वर लिहून पाहू, असं काहीतरी वकील सांगत होता. मधली शेजारी उभी राहून ऐकत होती. मुख्यतः कागदच वाचले जातील, तिला बहुधा पुन्हा पिंजऱ्यात जावं लागणार नाही. म्हणजे तिची उत्तरं आणि मामाचे प्रश्न आता कायमचे एकमेकांशेजारी राहणार होते.

इतक्यात त्या टोकाकडून दादा आला. आईने त्याचं कोपर धरलं होतं, मामा बॅग सावरत पुढे चालला होता, वहिनी दोन पावलं मागे. जिना या बाजूलाच होता, त्यामुळे त्यांना दोघींच्या जवळून जाणं भाग होतं. वकील तेवढ्यात पुढच्या दाराकडे वळला होता. आई मान वळवून निघाली. दादा धाकटीसमोर येऊन थांबला.

“तार मी काढली होती,” तो म्हणाला. “मेस्त्रीला सांगितलं नव्हतं. त्याचं काही चुकलं नाही. भोंगा वाजलाच नाही, धाकटे.”

हे तो अगदी साध्या आवाजात बोलला, गाडी आली किंवा पाऊस थांबला असं सांगावं तसा. धाकटीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात वर केला. मारायला की धरायला, ते तिचं तिलाही कळलं नसावं. तो हात तसाच खाली आला.

मामाने मागे फिरून दादाचा दंड पकडला. अजून अपिलाची मुदत आहे, एक अक्षर बोलायचं नाही, असं तो दातांवर दात ठेवून म्हणाला.

“मी नुसतं तिला सांगतोय, मामा.”

“कोर्टाच्या आवारात कोणी नुसतं तिला सांगत नसतं.”

धाकटी धावत जाऊन सरकारी वकिलाला परत घेऊन आली होती. त्याने दादाला विचारलं, आत्ता काय म्हणालात ते पुन्हा सांगता का? दादाचे ओठ हलले. आईची बोटं त्याच्या कोपरात रुतली होती. त्याने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि तो काही बोलला नाही. एवढंच बळ त्याच्यात होतं, आणि ते संपलं होतं.

वकिलाने सुस्कारा सोडला. कोर्टाबाहेरची कबुलीही कबुलीच असते, त्याने धाकटीला समजावलं, पण ती ऐकल्याचं कोणीतरी शपथेवर सांगावं लागतं. तुम्ही फिर्यादी. ही तुमची बहीण, तिच्या शब्दाचं वजन कोर्टाने आजच ठरवलंय. त्यांच्या बाजूचं कोणी आहे का?

मामा म्हणाला, आपण आरोपीचा वकील, आपल्याला विचारण्यात अर्थ नाही. आईला कोणी विचारलंच नव्हतं, तरी तीच बोलली. मधलीच्या डोळ्यांत डोळे घालून बोलली.

“मी काही ऐकलं नाही.”

बोळातून माणसं येत-जात होती. कुठलंतरी नाव पुकारलं गेलं आणि एक म्हातारा घाईने उठून दाराकडे गेला. वकिलाने फाइल दुसऱ्या काखेत घेतली, झालं, असं मान हलवून सांगितलं आणि तो निघाला.

“मी ऐकलं,” वहिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती भिंतीला टेकून उभी होती, पदर खांद्यावरून घट्ट ओढून. आई तिला काहीतरी म्हणाली, पण ते इतकं हळू होतं की शब्द उमटले नाहीत. दादाने बायकोकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधू गेलेल्या मधलीला तो सापडला नाही.

सरकारी वकील परत आला. त्याने खिशातून पेन काढलं, फाइलीच्या पाठीवर लिहायला घेतलं आणि न बघताच विचारलं, “आरोपीशी नातं?”

“बायको,” वहिनी म्हणाली.